रिक्षा बसली टेम्पोत!

आपण रिक्षात बसतो, त्यात नवल काही नाही. पण रिक्षाच उठून दुसऱ्या गाडीत बसली तर? पेणच्या रस्त्यांवर अधूनमधून हे बघायला मिळतं. एखादी रिक्षा वडखळच्या अलीकडे-पलीकडे बंद पडते, ओढत न्यायच्या अवस्थेत नसते, मग तिला टेम्पोत घालून गॅरेजला नेतात. नाहीतर एखादी कोरी करकरीत रिक्षा, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात जन्मून थेट रायगडात राहायला येत असते. स्वतःला चाकं असूनही दुसऱ्याच्या चाकांवर बसून. हौद्यात आणखी कुणी नाही, दोर नि पट्टे चहूबाजूंनी ताणलेले, आणि रिक्षाबाई ऐटीत चालल्यात.

आता मला सांगा, ती पडत का नाही?

"बांधलेली असते म्हणून," असं म्हणाल. बरोबर आहे, पण एवढ्यावर सुटका नाही. दोर किती? कुठून कुठे? आणि मुळात दोर नेमकं करतो काय? यात इतकी गंमत आहे की क्लीनरदादाला विज्ञानाचा तास घ्यायला बोलवावं असं मला वाटतं.

सुरुवात रिक्षा वर चढवण्यापासूनच करू. तिथेच पहिली पंचाईत होते. टेम्पोचा फाळका खाली पाडला, जमिनीपासून हौद्यापर्यंत लाकडी फळ्या लावल्या. किती फळ्या? मोटार असेल तर दोन पुरतात. डावी चाकं एका फळीवर, उजवी दुसरीवर. मोटरसायकल असेल तर एकच. रिक्षाला मात्र तीन लागतात! मागच्या दोन चाकांना दोन बाजूंना दोन, आणि पुढचं एकुलतं एक चाक मधोमध चालतं म्हणून त्याच्यासाठी तिसरी. मोटारी नेण्यासाठी काही ट्रेलर असे बनवतात की त्यांना दोन पट्ट्याच असतात आणि मधे मोकळी पोकळी. त्यावर रिक्षा चढवायला जा, पुढचं चाक सरळ खड्ड्यात. चार चाकांसाठी बनवलेल्या जगात तीन चाकांच्या गाडीला अशी पदोपदी अडचण.

आणि फळ्या कशाला, चारजणांनी उचलून ठेवली तर? रिकाम्या रिक्षाचं वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. हिशेबाला सोपं म्हणून आपण ३६० किलो धरू. म्हणजे चौघांनी प्रत्येकी ९० किलो उचलायचे. नको रे बाबा! पण हौदा जमिनीपासून एक मीटर उंच आहे आणि फळी चार मीटर लांब आहे असं समजा. मग चढाच्या दिशेने लावावा लागणारा जोर एक चतुर्थांशच होतो, म्हणजे ९० किलो उचलायला लागेल तेवढा, आणि तोही सगळ्यांत मिळून. चाकांच्या घर्षणापायी थोडा जास्त धरा. उचलायचं अंतर एक मीटर होतं, ढकलायचं अंतर चार मीटर झालं. जोर वाचला, पण चालावं जास्त लागलं. उतरण नावाचं यंत्र असा रोखठोक व्यवहार करतं, फुकट काहीच देत नाही.

रिक्षा वर आली. आता तिच्याकडे नीट बघा. हँडल स्कूटरचं आहे, गिअर मुठीत आहे, पुढे एक चाक. खरंच, रिक्षा ही मुळात तीन चाकांची स्कूटरच आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीतल्या पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर काढली. तिची रचना केली होती कोर्राडिनो दास्कानिओ या इंजिनिअरने, जो त्याआधी हेलिकॉप्टर बनवण्यात रमलेला होता! दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच स्कूटरच्या मागे दोन चाकं आणि सामान ठेवायचा हौदा जोडून तीनचाकी तयार झाली. त्याच वर्षी बजाजने बाहेरून आणलेल्या दुचाकी-तीनचाकी आपल्याकडे विकायला सुरुवात केली, आणि १९५९ साली त्या इथेच बनवायचा परवाना मिळवला. सुरुवातीच्या रिक्षांत इंजिन पुढच्या बाजूला असे. मागे इंजिन असलेली रिक्षा आली १९७७ मध्ये. इंजिन पुढचं मागे गेलं ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला थोड्याच वेळात लागणार आहे.

तीन चाकांचा एक मोठा फायदा आहे. तीन पायांची तिपाई कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर ठेवा, डगमगत नाही. चार पायांचं टेबल मात्र हमखास एका पायावर लंगडतं आणि मग आपण त्याखाली कागदाची घडी सारतो. कारण असं, की कुठलेही तीन बिंदू घेतले तरी त्यांना टेकणारा एक सपाट पृष्ठभाग मिळतोच मिळतो. चौथा बिंदू त्याच पृष्ठभागावर येईल याची काही खात्री नाही. टेम्पोचा हौदा वापरून वापरून पोचे पडलेला असतो. त्यावरही रिक्षाची तिन्ही चाकं घट्ट टेकतात.

तोटाही तिथेच दडलेला आहे. वहीच्या पानावर पुढे एक ठिपका आणि मागे दोन ठिपके काढा, आणि ते जोडा. त्रिकोण झाला. रिक्षाचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तिचं सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, या त्रिकोणाच्या बरोबर वर आहे तोवर ती उभी. इंजिन मागे गेल्यामुळे हा बिंदू त्रिकोणाच्या रुंद बाजूला आहे, हे चांगलंच. पण ब्रेक दाबला की वजनाचा भार पुढे सरकतो, आणि पुढे त्रिकोण अरुंद होत जातो. त्यात वळणही असेल तर भार बाजूलाही सरकतो. पुढे आणि बाजूला, दोन्ही एकदम झालं की तो त्रिकोणाच्या तिरक्या रेघेबाहेर जाऊ शकतो, आणि मग रिक्षा कलंडते. म्हणूनच मुरलेले रिक्षावाले काका वळणावर ब्रेक मारत नाहीत, वळणाच्या आधी मारतात. त्यांनी हा त्रिकोण कधी काढलेला नसेल, पण हाताला तो ठाऊक असतो.

आता टेम्पो निघाला. आत बसलेल्या रिक्षाला स्वतःचं मत असतं का? असतं! ते मत आयझॅक न्यूटनने १६८७ साली पुस्तकात छापून ठेवलं आहे. थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते, चाललेली वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहू पाहते. तिला बदलायचं असेल तर कुणीतरी जोर लावावा लागतो. या हट्टाला आपण जडत्व म्हणतो. टेम्पो ताशी ५४ किलोमीटर वेगाने चाललाय, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पुढे गाय आडवी आली. ड्रायव्हरने तीन सेकंदांत टेम्पो थांबवला. वेग दर सेकंदाला ५ मीटरने घटला. गुरुत्वाकर्षण पडत्या वस्तूचा वेग सेकंदाला जवळजवळ १० मीटरने वाढवतं, त्याच्या हे निम्मं. म्हणजे रिक्षाला थांबवायला तिच्या वजनाच्या निम्मा जोर हवा, १८० किलो उचलायला लागेल तेवढा. टेम्पोला ब्रेक आहेत, तो थांबेल. रिक्षाला कोण थांबवणार?

"तिचा हँडब्रेक ओढून ठेवू की!" ठेवायचाच, आणि गिअरमध्येही टाकून ठेवायची. पण हँडब्रेक मागच्या दोनच चाकांना असतो, पुढचं चाक मोकळंच फिरतं. मागची चाकं फिरायची थांबली तरी ती हौद्यावरून घसरू शकतात. कोरड्या फळीवर रबराचं घर्षण रिक्षाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास जोर पेलतं, आणि तेही सगळं वजन अडकलेल्या चाकांवर असेल तर. आपल्याला नेमका निम्माच हवा होता, म्हणजे फार तर काठावर पास. वर हौदा ओला असेल तर नापास. आणि पेण म्हटलं की हौदा चार महिने ओलाच समजायचा.

म्हणून चाकांपुढे आणि मागे लाकडी ठोकळे ठोकतात. ठोकळा साधा दिसतो, पण काम मोठं करतो. चाकाला पुढे जायचं तर आधी ठोकळ्यावर चढावं लागतं, म्हणजे अख्खी रिक्षा उचलावी लागते. ठोकळा जितका उंच तितकं अवघड. चाकाच्या पाव उंचीचा ठोकळा असला आणि तो हौद्याला खिळ्यांनी पक्का केला, तर निम्मं काम तिथेच झालं. खिळे विसरलात तर ठोकळा स्वतःच घसरगुंडी खेळतो.

आता येतात दोर, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

बहुतेकांना वाटतं की दोर रिक्षाला मागे ओढून धरतो. थोडं ओढतो, पण तेवढंच नाही. दोर रिक्षाला खाली दाबतोही. दाबल्याने काय होतं? चाकं हौद्यावर जास्त जोराने टेकतात, म्हणजे घर्षण वाढतं. रिक्षाचं वजन न वाढवता ती हौद्याला जड वाटू लागते! दोर किती दाबेल आणि किती ओढेल हे त्याच्या कोनावर ठरतं. हौद्याशी ३० अंशांचा कोन करणारा दोर आपल्या ताणाच्या निम्मा जोर खाली दाबण्यात घालतो आणि बराच मोठा भाग आडवा ओढण्यात. ६० अंशांवर उलट होतं. ४५ अंशांवर दोन्ही सारखे, ताणाच्या सत्तर टक्के इकडे आणि सत्तर टक्के तिकडे. (हो, बेरीज शंभरावर जाते. जोर अशा साध्या बेरजेने मोजत नाहीत, काटकोन त्रिकोणाने मोजतात. पायथागोरस शिकाल तेव्हा हे पान पुन्हा काढा.) रिक्षाला दोन्ही हवं असतं, म्हणून अनुभवी माणूस दोर ना पार उभा बांधतो ना पार आडवा.

दोर कुठे बांधायचा हेही महत्त्वाचं. नवखा माणूस सगळ्यात आधी हँडल धरतो, कारण ते हाताशी असतं. पण हँडल फिरतं. एका बाजूने दोर ओढला की ते वळतं, पुढचं चाक वाकडं होतं, आणि दुसऱ्या बाजूचा दोर सैल पडतो. हुड बांधायला जाल तर पत्रा नि कापड, टिकणार नाही. बांधायचं ते सांगाड्याला, खाली, जिथे लोखंड जाड आहे तिथे. मागे दोन दोर, डावीकडचा डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे. पुढे चाक एकच असलं तरी दोर दोनच हवेत, दोन्ही बाजूंना फाकलेले, नाहीतर त्रिकोणाचं ते टोक डावी-उजवीकडे पळतं. पुढचे दोर पुढे ओढणारे, मागचे मागे ओढणारे. चौघांच्या भांडणात रिक्षा बिचारी जागच्या जागी! आणि जिथे दोर धारेवरून वळतो तिथे गोणपाटाची किंवा जुन्या ट्यूबची घडी. घाटातल्या हादऱ्यांनी धार दोराला हळूहळू कापत जाते.

दोर आवळायचा कसा? इथे क्लीनरदादाची जादू बघा. त्याने दोर हुकात अडकवून जमेल तेवढा ताणून बांधलेला असतो. मग तो दोराच्या मध्यावर हात घालून त्याला बाजूला खेचतो आणि तिथेच एक वेढा मारून टाकतो. असं का? दोन हुकांमध्ये दोन मीटर ताठ दोर आहे असं समजा. मध्यभागी तो फक्त दहा सेंटिमीटर बाजूला ओढायला वीस किलो उचलण्याइतका जोर लागला, तर दोरातला ताण होतो शंभर किलोंचा! ताठ दोर मध्यावर ओढला की टोकांवर पाचपट. घरी करून बघायचं असेल तर दोन मित्रांना एका दोरीची दोन टोकं घट्ट धरायला सांगा, मधे दप्तर लटकवा आणि म्हणा, "आता दोरी अगदी सरळ करून दाखवा." लालबुंद होतील, पण दोरी सरळ होणार नाही.

दुसरी जादू वेढ्यांची. हुकाभोवती दोराला एक पूर्ण वेढा दिला की घर्षणामुळे एका टोकाचा मोठा ताण दुसऱ्या टोकाला अगदी छोट्या जोराने थोपवता येतो. समजा एका वेढ्याने सहापट फायदा झाला. मग दोन वेढ्यांनी बारापट? नाही, छत्तीसपट! तीन वेढ्यांनी दोनशे सोळापट! प्रत्येक वेढा आधीच्याला गुणतो. हे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. धरमतरच्या खाडीत नाव बांधणारा खलाशी भल्यामोठ्या बोटीचा दोर खुंटावर दोन-तीन वेढे मारून उरलेलं टोक एका हाताने सहज धरून उभा असतो, तो याच जोरावर.

हल्ली दोराऐवजी रुंद पट्टे वापरतात, त्यांना कटकट आवाज करणारं रॅचेट असतं. त्याचा दांडा म्हणजे तरफ. दांडा वीस सेंटिमीटर, पट्टा गुंडाळणाऱ्या रिळाची त्रिज्या एक सेंटिमीटर, म्हणजे कागदावर वीसपट जोर. त्यातला बराच घर्षणात जातो, तरी उरतो तो पुष्कळ. आणि प्रत्येक कटक म्हणजे एक दात पुढे सरकला आणि खिटी त्याच्यामागे पडली, आता तो मागे येणार नाही. पट्टा पॉलिएस्टरचा असतो हेही विचारपूर्वक. नायलॉन जास्त ताणतो, आणि पाण्यात भिजला की थोडा लांबतो. काथ्याचा किंवा तागाचा दोर मात्र भिजल्यावर तंतू फुगून आखडतो. म्हणजे कोरड्या पुण्यात नायलॉनने बांधलेली रिक्षा घाट उतरून जुलैच्या पावसात शिरली की तिचे दोर आपोआप ढिले! वाटेत खोपोलीला चहाला थांबल्यावर ड्रायव्हर आधी दोर दाबून बघतो आणि मगच कप हातात घेतो, तो उगाच नाही.

ढिलं पडायला आणखी एक कारण, रिक्षाच्या स्प्रिंगा. खड्डा आला की चाकं वर जातात, सांगाडा खाली येतो, आणि त्या क्षणी सांगाड्याला बांधलेला दोर सैल पडतो. पुढच्याच क्षणी स्प्रिंग उसळी घेते आणि दोराला धाडकन झटका बसतो. सैल, झटका, सैल, झटका. संथ ताणापेक्षा झटक्याने दोर लवकर तुटतो. त्यावर उपाय म्हणजे दोर आवळतानाच स्प्रिंगा थोड्या दाबून घ्यायच्या, म्हणजे त्या लहान हादऱ्यांत खालीवर होतच नाहीत. पण पार तळाला लावायच्या नाहीत, नाहीतर सगळे खड्डे सरळ रिक्षाच्या हाडांना. वडखळच्या रस्त्याचे पावसाळ्यातले खड्डे ज्यांनी खाल्लेत त्यांना यावर वेगळं सांगायला नको.

आता घाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आणि खोपोली पायथ्याशी, म्हणजे बोरघाटात साडेपाचशे मीटरच्या आसपास उतरायचं, तेही वळणं घेत. वळणावर रिक्षा सरळ जायचा हट्ट करते आणि टेम्पो वळतो. किती जोर लागतो? वेग गुणिले वेग, भागिले वळणाची त्रिज्या. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली तर १०० भागिले ३०, साधारण ३.३. गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांश. म्हणजे रिक्षाला बाजूने १२० किलोंचा धक्का. वेग दुप्पट केला तर धक्का दुप्पट नाही, चौपट होतो, ४८० किलो, रिक्षाच्या वजनापेक्षाही जास्त! तेव्हा पट्टे राहिले बाजूला, टेम्पोच उलटेल. युरोपात सामान बांधण्याचे नियम लिहून ठेवलेत, त्यांत म्हटलंय की पुढच्या बाजूला वजनाच्या आठ दशांश आणि मागे व बाजूंना निम्मा जोर पेलेल अशी बांधणी हवी. आपल्या रिक्षासाठी पुढे २८८ किलो, बाजूला १८०. पुढे जास्त का, ते ओळखलंत ना? गाडी जितक्या जोरात थांबू शकते तितक्या जोरात ती वेग घेऊ शकत नाही.

रिक्षा पेणला पोचली. उतरवताना लहान मुलांनी लांब उभं राहायचं, हे मात्र मी दटावून सांगते. ताणलेला दोर आणि दाबलेल्या स्प्रिंगा यांच्यात ऊर्जा साठलेली असते. रॅचेटची खिटी सुटली की पट्टा सापासारखा फटकारतो. म्हणून एकेक करून, समोरासमोरचे दोर थोडे थोडे सैल करतात, आणि चाकांखालचे ठोकळे सगळ्यात शेवटी काढतात.

आता तुम्ही म्हणाल, पेणमध्ये सगळंच असं आवळून बांधतात का? मुळीच नाही! पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती भरलेले टेम्पो निघतात ते बघा. जडत्व त्यांनाही तेवढंच छळतं. पण प्लॅस्टरच्या किंवा शाडूच्या मूर्तीला पट्ट्याने आवळलं तर ताण एका रेषेवर येतो आणि तिथेच तडा जातो. मूर्तीला ना स्प्रिंग ना लोखंडी सांगाडा. म्हणून तिला बांधत नाहीत, पेंढ्यात, कागदात, फोममध्ये रुतवतात. पेंढ्याच्या हजार काड्या मूर्तीला हजार ठिकाणी थोडं थोडं धरतात, आणि ब्रेक लागला की काड्या वाकत वाकत तिला सावकाश थांबवतात. थांबायला वेळ जास्त मिळाला की जोर कमी पडतो. रिक्षाचा नियम "हलू देऊ नका", मूर्तीचा नियम "हलू द्या, पण हळू". पेणच्या मूर्ती कंटेनरमधून समुद्रापारही जातात, आणि जहाज तर दिवसचे दिवस डुलत असतं. मला विचाराल तर रिक्षा बांधण्यापेक्षा मूर्ती भरणं जास्त अवघड आहे.

आणि आता सगळ्यात मोठी गाडीवरची गाडी. पेणहून दक्षिणेला रोहा, आणि रोह्याच्या पुढचं स्टेशन कोलाड. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते, संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. त्यानंतर एकाच वर्षात, १९९९ मध्ये, कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी एक अजब गाडी धावू लागली. तिचं नाव रो-रो. तिच्यात चढतात ते प्रवासी नव्हेत, मालाने भरलेले ट्रक! सपाट वाघिणींची रांग लावलेली, टोकाला उतरण. ट्रक त्यावरून चढतो आणि एका वाघिणीवरून दुसरीवर, तिच्यावरून तिसरीवर, असा गाडीच्या अंगावरूनच चालत जाऊन आपल्या जागी थांबतो. बोगदे आणि डोक्यावरच्या तारा यांच्यामुळे उंची आधीच तपासलेली असते. मग चाकांना अडसर, साखळ्या, आणि प्रवास सुरू. गणपतीच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, याच मार्गावर पहिल्यांदा लोकांच्या मोटारींसाठीही अशी गाडी सोडली. एका खेपेला चाळीस मोटारींची सोय, आणि मोटारीचे मालक जोडलेल्या डब्यात.

ट्रक रिक्षापेक्षा कितीतरी पटींनी जड. मग त्याला बांधायला जहाजाचे दोर लागत असतील? तेच वळणाचं गणित पुन्हा करू. कोकण रेल्वे बांधताना वळणं किमान १२५० मीटर त्रिज्येची ठेवली. डोंगराला वळसा घालण्यापेक्षा बोगदा पाडला आणि दरी आली तिथे पूल बांधला, पण वळण तीव्र होऊ दिलं नाही. रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे! गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे असं समजा. २० गुणिले २०, ४००. भागिले १२५०, म्हणजे ०.३२. गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम तिसावा हिस्सा! घाटातल्या टेम्पोत, निम्म्या वेगाला, तो एक तृतीयांश होता. वेग दुप्पट असून धक्का दहावा हिस्सा. शिवाय रेल्वे मोटारीसारखी तीन सेकंदांत थांबूच शकत नाही, तेव्हा ब्रेकचा झटकाही मवाळ. ट्रक न हलण्याचं श्रेय साखळ्यांच्या आधी मला त्या बोगदे खणणाऱ्यांना द्यावंसं वाटतं.

रो-रोवर ट्रकचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसून प्रवास करतात. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, चाकांना अडसर, आणि बाहेर चिपळूण मागे जातंय, रत्नागिरी मागे जातेय. आता तुमच्यासाठी प्रश्न. ड्रायव्हर म्हणतो, "माझा ट्रक तर जागचा हललेलाही नाही." स्टेशन मास्तर म्हणतात, "तुमचा ट्रक ताशी ७२ ने गेला हो माझ्यासमोरून." दोघांचंही खरं असेल, तर साखळी कुणाचं ऐकून बांधायची?